नळाला पिवळा येतो, हंड्यात येत नाही: पावसाळ्यात पोटं परत परत का बिघडतात

जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की आठ दिवसांत मला फोन सुरू होतात आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "टीसीएल टाकलंय का नुसती सही करून घरी गेलाय?" मी पलूस तालुक्यातल्या एका कृष्णाकाठच्या गावात जलसुरक्षक आहे, म्हणजे टाकी धुवायची, टीसीएल (म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकायचं, रोज सकाळी नळाची ओटी घ्यायची (म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते तपासायचं), वहीत लिहायचं आणि वरून शिव्या खायच्या. पगार विचारू नका. तर मी बघतोय काय, लोक पाणी उकळतात, मेडिक्लोरचे थेंब टाकतात, काहींनी हप्त्यावर आरओ पण घेतलाय, आणि तरी महिन्याभरात परत तेच, उलट्या, जुलाब, सलाईन. मग म्हणतात औषधच बोगस. औषध बोगस नसतं हो, बहुतेक वेळा पाणी एकदा चांगलं झालेलं असतं आणि तोंडात जायच्या आत परत घाण झालेलं असतं. म्हणून ज्यांच्या घरात हे सारखं सारखं होतंय त्यांनी शोध टाकीपासून नाही, ग्लासापासून सुरू करा, तिथनं मागं मागं जायचं.

गेल्या पावसाळ्यातलं सांगतो. गावाबाहेर माळावर पंधरा-एक घरांची वस्ती आहे, पत्र्याची घरं, निम्मे लोक रोजंदारीवर. त्यातल्या एका घरात तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा पोरगं आजारी. सून म्हणाली, भाऊ पाणी रोज उकळते, परवा आशाताईनी औषध दिलंय ते पण टाकते. मी क्लोरोस्कोप घेऊन गेलो. (माहीत नसेल त्यांना, ती छोटी पेटी असते, नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पाण्यात क्लोरीन असेल तर लगेच पिवळा रंग येतो आणि बाजूच्या रंगांशी जुळवून किती आहे ते बघायचं. ते पाणी प्यायचं नाही, फेकायचं.) दारातल्या नळाला छान फिकट पिवळा आला. आतल्या हंड्यातलं घेतलं तर काहीच नाही, पाणी जसंच्या तसं. म्हातारी म्हणाली, "हंडा रोज घासतो बाळा, बघ की कसा चकाकतोय." चकाकत होता खरा, पण बाहेरून. गळ्याच्या आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर बोटाला आला, गोगलगायीवरनं हात फिरवल्यासारखा. आणि मी बघत असतानाच धाकटं पोरगं शेळीला पाला टाकून आलं, तांब्या उचलला आणि मनगटापर्यंत हात हंड्यात. झालं. सापडला की दोष.

हे समजून घ्या, क्लोरीन म्हणजे हंड्यात बसवलेला पहारेकरी नाही, जितकी घाण भेटेल तितकं ते खर्च होतं आणि संपतं. नळाला लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक असावं असा नियम आहे, म्हणजे आधीच शिल्लक ती केवढी, आणि ती तुमच्या हंड्याच्या आतल्या त्या थरातच जिरून जाते, मग हात बुडवला की त्या हाताचं काय आहे ते मारायला पाण्यात उरतच नाही काही. उकळलेल्या पाण्याचं तर त्याहून अवघड, त्यात औषध नसतंच मुळात, ते गार होईपर्यंत चांगलं आणि एकदा तांब्या बुडवला की संपलं. आरओचंही तेच बरं का! आरओ क्लोरीन काढून टाकतो, मग ते गोड पाणी तुम्ही वर्षभर न धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवता. माझ्या मेव्हण्याच्या घरी मशीन चकाचक, आणि बाटलीच्या तळाला हिरवं. त्याला बोललो तर राग आला, असो.

तर पहिलं काम हंडा. आतून घासायचा, नुसत्या राखेनं वरवर नाही, गळ्याच्या आत ब्रश जायला पाहिजे. तोंड बारीक असलेला कॅन असेल तर मूठभर बारीक धुतलेले खडे आणि थोडं टीसीएलचं पाणी घालून झाकण लावून चांगला खळखळवा, थर निघून येतो, मग दोनदा विसळून टाका. आठवड्यातून एकदा पुरतं. दुसरं, हात आत जाता कामा नये. लांब दांड्याचं ओगराळं आणा, ते वर खिळ्याला अडकवा, हंड्याच्या झाकणावर ठेवू नका, त्यावर माश्या बसतात. आणि जमत असेल तर तोटीचा माठ किंवा तोटी बसवलेला प्लास्टिकचा कॅन घ्या, बाजारात तोटी वेगळी पण मिळते, जुन्या बादलीला भोक पाडून बसवता येते, आतून-बाहेरून वायसर नीट घट्ट केलं की गळत नाही. इतके पैसे आरओवर घालवण्यापेक्षा ही तोटी जास्त पोटं वाचवते असं माझं मत आहे, भांडायचं असेल तर भांडा.

तांब्याच्या भांड्याबद्दल लोक हमखास विचारतात. रात्रभर पाणी ठेवलं तर तांबं जंतू मारतं हे खरं आहे, १६ तास ठेवून प्रयोगशाळेत बघितलंय, पण तुमच्या घरात सकाळी भरलेला हंडा दुपारी रिकामा होतो आणि परत भरतो, त्याला १६ तास कुठनं मिळणार. साठवायला चांगलं, भरवशावर बसू नका.

आता औषध. मेडिक्लोरची ती छोटी बाटली म्हणजे पातळ क्लोरीनच, आशाताई किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाई देतात. यात तीन चुका हमखास दिसतात. एक म्हणजे बाटली खिडकीत उन्हात किंवा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलेली असते आणि तारीख गेल्या वर्षीची, ऊन आणि उष्णतेनं हे औषध मरतं, मग थेंब टाकले काय अन् नाही टाकले काय. दुसरी, थेंब टाकले की लगेच ग्लास भरायचा. अर्धा तास थांबावं लागतं, झाकून, आणि थंडीच्या दिवसात पाणी गार असेल तर अजून जास्त. संध्याकाळी टाकून सकाळी प्यायचं ठरवलं तर वासाची तक्रार पण निम्मी कमी होते. तिसरी चूक, अंदाजानं टाकणं. बाटलीवर किती लिटरला किती थेंब ते लिहिलेलं असतं, प्रत्येक बाटली सारखी तीव्र नसते म्हणून मी इथं आकडा देत नाही, वाचा, नाहीतर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला सांगा. आणि हंडा किती लिटरचा आहे ते एकदा एक लिटरच्या बाटलीनं मोजून घ्या. पंधरा लिटरचा समजून जो वापरत होते तो अकरा लिटरचा निघालेला मी बघितलाय.

काही जण घरी पोत्यातलं टीसीएल थेट चिमटीनं हंड्यात टाकतात, कृपा करून नको. आम्ही टाकीला पण थेट टाकत नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवतो, पेस्ट करतो, मग पाणी घालून ढवळून ठेवतो, चुना खाली बसतो आणि वरची जी निवळी येते तीच टाकीत सोडतो. हिशोब हजार लिटरला पाच ग्रॅमचा, पावडर चांगली ३३ टक्क्यांची असेल तर लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन पडतं आणि घाण खाऊन थोडं शिल्लक उरतं. पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते २० टक्क्यांच्या खाली येतं आणि मग वापरायचंच नाही असा नियम आहे. उघडं पोतं नाकाला झोंबत नसेल तर समजा गेलं. आणि हो, टीसीएल आणि संडास धुवायचं ॲसिड एका कोपऱ्यात ठेवू नका, एकत्र आलं तर विषारी वायू होतो.

जूनमध्येच का बिघडतं? कारण पाणी गढूळ येतं. नदीला लाल पाणी आलं की आमच्या जॅकवेलमधनं (नदीकाठची विहीर, जिथनं गावाला पाणी उपसतो) पण लालच येणार, आणि गढूळ पाण्यात औषध टाकणं म्हणजे चिखलात साबण लावणं, क्लोरीन गाळातच जिरतं आणि गाळाच्या कणाआड बसलेले जंतू तसेच. म्हणून आधी निवळायचं, नंतर औषध, हा क्रम उलटा करू नका. तुरटी सगळ्यांच्या घरात असते, दाढीवाली तीच. खडा धुऊन हंड्यातल्या पाण्यात चार-पाच वेढे फिरवा, मग तासभर हलवू नका, वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता, खालचा गाळ झाडांना. जास्त फिरवली तर पाणी तुरट लागतं, तेवढंच माप. शेवग्याच्या बियांची पावडर पण गाळ बसवते, आमच्याकडं शेवगा बांधाबांधाला आहे त्यामुळं फुकटच, पण तिच्यातला अंश पाण्यात राहतो आणि दुसऱ्या दिवशी वास मारायला लागतो, म्हणून त्याच दिवशी संपवा.

गाळायला जुनी साडी घ्या, नवीन नाही. हे मला आधी उलटं वाटायचं. पण जुन्या सुती साडीचे धागे धुऊन धुऊन पिंजारतात आणि भोकं बारीक होतात. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात बायकांना जुन्या साडीच्या चार पदरांतनं पाणी गाळायला शिकवलं तर कॉलरा जवळजवळ निम्म्यानं कमी झाला, २००३ साली ते छापून आलं. कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि ते किडे कापडात अडकतात. बाकीचे जंतू साडीला दाद देत नाहीत, त्यामुळं गाळून झालं म्हणजे काम झालं नाही, औषध टाकायचंच. आणि कापड उलटं घालू नका, ज्या बाजूवर पाणी ओतता ती नेहमी तीच वर, नाहीतर कालची घाण आजच्या पाण्यात.

उकळणाऱ्यांना एकच सांगणं, वीस मिनिटं उकळू नका. सिलेंडर जाळताय उगाच. मोठे बुडबुडे येऊन पाणी खळखळायला लागलं की एक मिनिट, बास. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं, तरी जंतू मरायला ते पुरतं. काही चिवट जंतू असे आहेत की त्यांना क्लोरीन काही करत नाही, क्रिप्टोस्पोरिडियम म्हणतात तसला एक, तो उकळल्यावर मरतो, म्हणून घरात तान्हं मूल किंवा फार अशक्त माणूस असेल तर त्यांच्यापुरतं तरी उकळा. आणि ज्या पातेल्यात उकळलं त्यातच झाकून गार होऊ द्या. गार करायला या भांड्यातनं त्या भांड्यात ओतत बसता ना, तिथंच सगळं बिघडतं.

कँडलचा स्टीलचा फिल्टर असलेल्यांनी कँडलकडं बघा. ती मऊ ब्रशनं नुसत्या पाण्याखाली घासायची, साबण नाही, नाहीतर साबण आत बसतो. पाणी अचानक भराभर यायला लागलं तर खूश होऊ नका, कँडलला चीर गेली असेल. कँडल पाण्यात बुडवून नळीतनं फुंका, एकाच जागेहून बुडबुड्यांची माळ निघाली तर तिथं चीर आहे, फेका. साधी कँडल जंतू बऱ्यापैकी अडवते पण कावीळ पसरवणारे विषाणू त्याहून बारीक असतात, ते निसटतात. म्हणून कँडलमधनं आलेल्या पाण्यात पण थेंब टाका. वेडेपणा वाटेल, पण करा.

उन्हाळ्यातली एक फुकटची युक्ती आहे, माझ्या बायकोचं माहेर जतकडं, तिथं एप्रिल-मे मध्ये मी स्वतः करून बघितलीय. पारदर्शक पेट बाटली, एक-दोन लिटरची, रंगीत नाही, ओरखडे पडलेली नाही, लेबल काढून टाकायचं, पाणी भरून पत्र्यावर आडवी ठेवायची, सहा तास कडक ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि तापण्यानं जंतू मरतात. आभाळ निम्म्याच्या वर भरलेलं असेल तर दोन दिवस ठेवावी लागते, आणि कोयनेकडच्या पावसात तर हे विसराच. पाणी गढूळ असेल तर ऊन आत जात नाही, बाटली पेपरच्या हेडलाईनवर उभी ठेवून वरनं बघा, तोंडातनं अक्षरं वाचता आली तरच ठेवा. फायदा असा की ज्या बाटलीत शुद्ध झालं त्याच बाटलीनं प्यायचं, मधे हात नाही तांब्या नाही.

एवढं सगळं केलं, हंडा स्वच्छ, तोटी आहे, औषध ताजं, आणि तरी बिघडतंय, तर मग दोष माझ्याकडचा, म्हणजे नळाचा. नळालाच ओटी येत नसेल तर पाइप कुठंतरी गटारात गळतोय. पाणी दिवसाआड सुटतं ना, मधल्या वेळेत पाइप रिकामा असतो आणि त्या चिरेतनं गटाराचं पाणी आत झिरपतं, मग पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं वास येतो, रंग येतो. ते पहिलं पाणी भांड्यांना वापरा, प्यायला धरू नका. आणि नळाला डायरेक्ट मोटर लावणारे शहाणे, तुम्ही फक्त शेजाऱ्याचं पाणी ओढत नाही, गळतीतनं गटार पण ओढता, तुमच्या घरात आणि त्याच्या घरात पण. मागच्या वर्षी एका गल्लीत सहा घरं आजारी पडली आणि मोटर एकाचीच. नाव नाही सांगत, त्याला कळलंय. वासाची तक्रार तोंडी करू नका, दोन घरांनी मिळून लेखी द्या, मला वर दाखवायला कागद लागतो.

महापूर आला तर नियम वेगळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी विहिरी, बोअर, टाक्या सगळं बुडालेलं, २०२१ च्या जुलैत परत तेच. पूर ओसरला की विहिरीचं पाणी दिसायला चार दिवसांत निवळतं आणि माणूस फसतो. पाणी उपसून गाळ काढून टीसीएलचा जोरदार डोस देऊन एक दिवस सोडल्याशिवाय आणि परत उपसून ओटी बघितल्याशिवाय ते पिऊ नका. तोपर्यंत टँकरचं पाणी असलं तरी घरी औषध टाकाच, टँकर आतून कधी धुतलाय हे ड्रायव्हरला पण माहीत नसतं.

जत-आटपाडीवाल्यांसाठी आणि आमच्याकडच्या क्षारपड पट्ट्यातल्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. वर सांगितलेलं सगळं जंतूंसाठी आहे. फ्लोराईड, नायट्रेट असलं विरघळलेलं काही उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर असलेल्या बोअरचं पाणी बाटलीवरच्या बाळाला द्यायचं नाही, कितीही उकळा. तिथं दुसरा स्रोत किंवा गावातलं आरओचं एटीएम, आणि ते पाणी आणायचा कॅन मात्र, कळलं ना, धुतलेला.

आणि कुणाला जुलाब लागलेच तर आधी जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सपाट सहा चमचे, मीठ अर्धा चमचा, चहाचा चमचा हां. तांदळाच्या धुवणासारखे पांढरे जुलाब, डोळे खोल, लघवी बंद, असलं काही दिसलं तर घरी थांबू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि आशाताईला सांगा म्हणजे मला कळतं आणि मी वस्तीतले बाकीचे हंडे बघतो.

त्या माळावरच्या घराचं राहिलंच. मी एचटूएसच्या (पाण्यात जंतू आहेत का ते दाखवणाऱ्या) तीन बाटल्या ठेवून आलो होतो, एकीत नळाचं पाणी, एकीत जुन्या हंड्यातलं, एकीत घासलेल्या नव्या तोटीच्या कॅनमधलं, खुणेपर्यंत भरायचं आणि एक-दोन दिवस घरातच ठेवायचं, काळं पडलं तर पाणी खराब. दुसऱ्या दिवशी हंड्याची बाटली शाईसारखी काळी. ओटीचं म्हातारीला काही पटत नव्हतं, हे पटलं. बाटली मला परत देईना, म्हणाली जावेला दाखवते आधी, तिचा हंडा माझ्याहून घाण हाय. संध्याकाळपर्यंत पूर्ण वस्तीत ती बाटली फिरली आणि मला दोन घरांतनं फोन, तोटी कुठल्या दुकानात मिळती. (ती बाटली नंतर टीसीएल घालूनच ओतायची असते, मी जाऊन आणली परत.)

पंधरा दिवसांनी परत गेलो तर कॅनमध्ये पिवळा नाही. म्हटलं आता काय. बघतो तर कॅन जमिनीवर ठेवलेला, तोटीखाली ग्लास बसत नाही, म्हणून पोरं झाकण काढून वरनं तांब्या बुडवतायत. खाली दोन विटा घातल्यात आता.